एका मिनिटाचे साडेसोळा तास

मृग कोरडा गेला, पेरण्या खोळंबल्या, आणि त्यामुळे यंदा जूनमध्ये आमच्या घरात संध्याकाळी माणसं रिकामी सापडली. एका रात्री जेवणं झाल्यावर आम्ही तिघं लॅपटॉपभोवती बसलो. मी, माझा दीर आणि यंदा दहावीला गेलेला माझा मुलगा. कपाशीच्या शेवटच्या चुकाऱ्यातून पंधराशे रुपये मी आधीच बाजूला काढून ठेवले होते. या पंधराशेत ‘सिव्हिलायझेशन सिक्स’ या संगणकावरच्या गेममध्ये कोणती भर घालायची, एवढाच विषय. सेल संपायला तीन दिवस उरले होते.

बोलणं दोन रात्री चाललं. काय ठरलं आणि कोणत्या हिशेबानं ठरलं ते नीट लिहून ठेवते. मी पहिल्यांदा शोधत होते तेव्हा मला हे मराठीत कुठं वाचायला मिळालं नव्हतं, आणि आमच्यासारखे एकाच लॅपटॉपवर घरची दोन-तीन माणसं मिळून खेळणारे आणखीही असतील.

आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, पूर्णेच्या खोऱ्यात, खारपाणपट्ट्यात. जमीन काळी आणि खोल, पण खालचं पाणी खारं. विहिरीचं पाणी पिकाला दिलं तर जमीन चोपण, म्हणजे क्षारानं नापीक, होते, म्हणून कपाशी, तूर, सोयाबीन सगळं वरच्या पाण्यावर आणि रब्बीत ओलीवरचा हरभरा. प्यायला शहानूर धरणाचं नळाचं पाणी. मी गावात सेवा केंद्र चालवते. सातबारा, पीकविम्याचे अर्ज, उत्पन्नाचे दाखले, हे माझं काम. २०२० च्या मे महिन्यात एपिकच्या ऑनलाइन दुकानात हा गेम आठवडाभर फुकट मिळत होता. केंद्र बंद होतं, दीर पुण्याची नोकरी सोडून घरी आला होता, घरात कुणाचा कुणाशी धड शब्द नव्हता. त्यानं चार रात्री जागून तो उतरवून घेतला. तेव्हापासून आम्ही खेळतो आहोत.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. षट्कोनी घरांचा नकाशा असतो. इसवी सनापूर्वी ४००० साली तुमच्या हातात गाव वसवणारी एक टोळी आणि एक योद्धा दिलेला असतो. तिथून गावं, शेती, खाणी, वाचनालयं, लढाया, धर्म, कारखाने, थेट आगगाडी आणि विजेपर्यंत. मालिका १९९१ पासून चालू आहे, हा सहावा भाग ऑक्टोबर २०१६ चा. सातवा फेब्रुवारी २०२५ मध्ये आला, पण आठ जीबी रॅमच्या माझ्या जुन्या लॅपटॉपला तो झेपणार नाही, आणि सहाव्यातलंच अजून आमचं पुष्कळ राहिलं आहे.

हा खेळ आमच्या घरात टिकला तो टर्नमुळे, म्हणजे आळीपाळीनं खेळायच्या पाळीमुळे. लाईन गेली, कुणी दाखला काढायला आलं, गाईला पाणी दाखवायचं राहिलं, की खेळ जागच्या जागी उभा राहतो. तुम्ही उठलात म्हणून कुणी तुमचं गाव लुटून नेत नाही. एक जण खेळतो, ‘टर्न संपली’ म्हणतो, लॅपटॉप पुढच्याकडे सरकवतो. याला हॉटसीट म्हणतात. “वयनी, तुमची टर्न. मी बैलाले कडबा टाकून येतो,” असं म्हणून दीर उठतो, आणि तो परत येईपर्यंत माझी टर्न झालेली असते. माझ्या लेखी याच्याइतकी घरगुती सोय दुसऱ्या कोणत्याही गेममध्ये नाही.

पण याच सोयीमुळे आमच्याकडे एक्स्पान्शनचा, म्हणजे मूळ गेमवर वेगळी विकत घ्यायच्या मोठ्या भरीचा, हिशेब वेगळा होतो. इंटरनेटवर वाचायला गेलं की प्रत्येक जण सांगतो, यात इतके नवे देश, इतक्या नव्या इमारती, इतक्या नव्या पद्धती. एकटा खेळणाऱ्याला ते ठीक आहे. आमच्याकडे एक जण खेळत असताना दोघं बसून असतात. म्हणून कोणतीही नवी गोष्ट घ्यायची म्हटलं की माझा पहिला प्रश्न असतो, टर्न किती लांबणार?

आकडे मांडून पाहा. आम्ही ‘क्विक’ गतीवर खेळतो, म्हणजे जास्तीत जास्त ३३० टर्न. माणसं तीन. एकाची टर्न सरासरी तीन मिनिटांची धरली तर ३३० गुणिले तीन गुणिले तीन, २९७० मिनिटं होतात. साडेएकोणपन्नास तास. रात्री आम्ही दीड तास बसतो, म्हणजे तेहतीस बैठका. आता एखाद्या एक्स्पान्शननं प्रत्येक टर्नला एकच मिनिट वाढवलं, तर तोच खेळ सहासष्ट तासांचा आणि चव्वेचाळीस बैठकांचा होतो. एका मिनिटाचे साडेसोळा तास. अकरा रात्री. पेरणी झाली की डवरणी, निंदण, फवारणी, आणि मधे पोळा. या दिवसांत अकरा रात्री कुठून आणायच्या? मागच्या वर्षी आमचा एक डाव आषाढात सुरू होऊन कापूस वेचणीपर्यंत रेंगाळला आणि शेवटी तसाच सुटला. पोराला त्याचं फार वाईट वाटलं होतं, कारण तो जिंकत होता.

हा हिशेब मी अंदाजानं करत नाही. एक आठवडा मी शेजारी फोन ठेवून प्रत्येकाच्या टर्नची वेळ वहीत लिहीत होते. दिराला राग आला, पण त्याची टर्न माझ्यापेक्षा दीडपट चालते हे त्याला वही पाहिल्यावरच पटलं. आणि त्या वहीतून मला आणखी एक कळलं. सगळी मिनिटं सारखी नसतात. काही मिनिटं बाकीचे दोघं डोळे लावून पाहतात, काही मिनिटांत फोन काढतात. त्या आठवड्यापासून मी वहीत वेळेपुढं खूण करायला लागले: माणसं पाहत होती की नव्हती.

पहिली एक्स्पान्शन आम्ही घेतली ती ‘गॅदरिंग स्टॉर्म’, म्हणजे फेब्रुवारी २०१९ मध्ये आलेली दुसरी. पहिली सोडून दुसरी कशाला, असं दिरानं तेव्हा विचारलं होतं. कारण सरळ आहे आणि खरेदी करणाऱ्या प्रत्येकानं ते माहीत करून घ्यावं. फेब्रुवारी २०१८ च्या ‘राइज अँड फॉल’मध्ये ज्या नव्या पद्धती आल्या, गव्हर्नर (गावावर नेमायचा कारभारी), गावांची निष्ठा, सुवर्णयुग आणि अंधारयुग, त्या सगळ्या ‘गॅदरिंग स्टॉर्म’मध्ये आपोआप मिळतात. मिळत नाहीत ते पहिलीतले देश आणि राजे. म्हणजे ज्याच्याकडे एकाच्याच पैशाची सोय आहे त्यानं दुसरी घ्यावी. हे एक वाक्य मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर माझे बरेच दिवस वाचले असते.

दुसरी एक गोष्ट त्याच वेळी शिकले. मूळ गेम ज्या दुकानातून घेतला, एक्स्पान्शनही त्याच दुकानातून घ्यावी लागते. आमचा गेम एपिकवरचा, आणि दीर स्वस्त दिसली म्हणून स्टीम या दुसऱ्या दुकानातून एक्स्पान्शन घ्यायला निघाला होता. यूपीआयचा पिन टाकायच्या आधी मी थांबवलं. ते पैसे गेल्यातच जमा झाले असते, कारण एका दुकानातली भर दुसऱ्या दुकानातल्या गेमला लागत नाही.

‘गॅदरिंग स्टॉर्म’नं नकाशा जिवंत केला. नदीकाठी पूरक्षेत्राची घरं असतात, त्यांना पूर येतो. ज्वालामुखी फुटतात, वादळं येतात, दुष्काळ पडतो. पुढं कोळसा आणि तेल जाळायला लागलात की समुद्र चढतो आणि किनाऱ्याची सखल घरं पाण्याखाली जातात. या आपत्ती किती तीव्र असाव्यात ते शून्यापासून चारपर्यंत आधीच ठरवता येतं. आम्ही दोनवर ठेवतो.

मी बहुतेक वेळा इजिप्त घेते. इजिप्तला नदीकाठच्या बांधकामाला जास्तीचा वेग मिळतोच, पण या एक्स्पान्शनमध्ये पुरानं त्यांचं नुकसान होत नाही. एका डावात माझ्या दुसऱ्या गावाखाली पूर आला. पाणी ओसरलं आणि शेतीच्या एका घरावर आधी तीन असलेलं अन्न चार झालं. हे आमच्याजवळ खाटेवर पडून होते. यांनी हा गेम कधी हातात घेतला नाही, घेणारही नाहीत. उठून बसले, पडद्याजवळ आले, बोट ठेवून विचारलं, “हे वाढलं कावून?”

मी म्हटलं, पूर येऊन गेला ना.

“गाळ बसला न मंग,” हे म्हणाले, आणि परत आडवे झाले.

पूर्णेकाठच्या वावरात पूर येतो तेव्हा काय जातं आणि मागं काय राहतं हे यांना कुणी सांगायला नको. मला मात्र तोपर्यंत तो एक आकडा वाटत होता. त्या रात्रीपासून मी पूरक्षेत्राच्या घरांकडे वेगळ्या नजरेनं पाहायला लागले. दीर रोम घेतो, त्याला पुराची भीती असते, आणि तो धरण बांधायला धावतो. धरणाला पूरक्षेत्राचंच घर लागतं, तेही असं की नदी त्याच्या निदान दोन बाजूंनी वाहत असेल. अशी जागा शोधत तो नकाशा पाच पाच मिनिटं फिरवतो. वहीत त्या पाच मिनिटांपुढं खूण आहे: सगळे पाहत होते. पोरगा जागा सुचवतो, मी पाडते, हे खाटेवरून “अरे, पाणी इकडून येते न” म्हणतात. विदर्भातल्या माणसांना धरण कुठं बांधावं यावर बोलायला फार आवडतं, कारण आमच्याकडे धरण हा आयुष्यभराचा विषय असतो. गोसीखुर्दचं भूमिपूजन १९८८ साली झालं, मी तेव्हा बालवाडीतही नव्हते. माझा मुलगा दहावीला आला तरी त्याच्या कालव्यांच्या बातम्या मी वाचतेच आहे.

पोरगा भारत घेतो. गांधीजींचा भारत, आणि त्यात बारव. बारव बांधली की अन्न आणि राहण्याची जागा वाढते, शेजारी शेती असली तर अन्न आणखी वाढतं, आणि दुष्काळ पडला तर बारवेमुळे अन्न घटत नाही. एका डावात आमच्या तिघांच्या सीमेवर दुष्काळ आला. दिराची दोन शेतं करपली. पोराच्या गावात बारव होती, त्याचं काहीच गेलं नाही. तो उड्या मारत होता. सासूबाई देवाजवळ दिवा लावून येत होत्या, त्यांनी विचारलं, काय झालं? पोरानं सांगितलं, आजी, मह्या विहिरीचं पाणी पुरलं. त्यांनी विचारलं, “गोड हाय?” तो म्हणाला, गोडच असते. त्या काही बोलल्या नाहीत, पण जवळ येऊन ती छोटीशी पायऱ्यांची विहीर बराच वेळ पाहत उभ्या राहिल्या. त्यांच्या माहेरी वरच्या पट्ट्यात गोड पाण्याची विहीर होती, आणि लग्न होऊन इकडे आल्या तेव्हा पहिल्या दिवशी पाण्याची चव घेऊन रडल्या होत्या, हे त्या आम्हाला अनेकदा सांगतात.

‘गॅदरिंग स्टॉर्म’मधलं सगळंच मला आवडतं असं नाही. जागतिक परिषद नावाचा एक प्रकार त्यात आहे. ठरावीक टर्न झाल्या की सगळ्या देशांनी ठरावांवर मतं द्यायची. तिघांनी तीन वेळा तेच पान वाचायचं, मतं मोजायची, बहुतेक ठराव आमच्या कामाचे नसतात. वहीत त्यापुढं खूण: फोन. पण परिषद बंद करता येत नाही, ती एक्स्पान्शनबरोबर येतेच. सगळं धरून माझ्या मोजणीत टर्न तीन मिनिटांवरून पावणेचारवर गेली. महाग आहे. तरी मी ते मिनिट पुन्हा आनंदानं देईन.

त्यातला मोठा वाटा निष्ठेचा. तुमच्या प्रत्येक गावातली माणसं नऊ घरांपर्यंत आपलं वजन टाकतात, जवळ जास्त, लांब कमी. दुसऱ्याच्या मोठ्या गावाच्या तोंडाशी तुम्ही एकटं गाव वसवलं तर त्याची निष्ठा टर्नगणिक घटत शून्यावर येते, ते गाव स्वतंत्र होतं, आणि मग ज्याचं वजन जास्त त्याला जाऊन मिळतं. हे नसताना दीर काय करायचा? माझ्या राजधानीपासून चार घरांवर, जिथं मी बाग लावणार असेन नेमकं तिथं, येऊन गाव ठोकायचा. आमच्याकडे याला एकच शब्द आहे, धुरा, म्हणजे बांध, कोरणं. नांगरताना दरवर्षी वीतभर शेजाऱ्याच्या बाजूनं सरकायचं. मूळ गेममध्ये यावर लढाईशिवाय उपाय नव्हता, आणि वहिनीनं दिराशी लढाई करावी हे मला खेळातही बरं वाटत नाही. निष्ठा आल्यावर त्यानं तसंच एक गाव ठोकलं. मी सैन्य हलवलं नाही. माझी दोन गावं मोठी केली, त्यांना खायला भरपूर दिलं, आणि त्याच्या गावाच्या बाजूच्या गावात गव्हर्नर बसवला. अकरा टर्नांनी ते गाव त्याच्या हातून सुटलं, आणखी काही टर्नांनी माझ्याकडे आलं. दीर म्हणाला, “वयनी, हे काही बराबर नाई झालं.” पण त्यानंतर तो धुरा सोडूनच वसवतो.

गव्हर्नर सात असतात. त्यातला एक पिंगळ. पहिल्यांदा त्याचं नाव वाचलं तेव्हा मला खरंच काटा आला. शाळेत आम्हाला बाईंनी ‘यमाताराजभानसलगा’ पाठ करून घेतलं होतं. त्यातली कोणतीही तीन लागोपाठची अक्षरं घ्या, एक गण मिळतो. यमाता म्हणजे लघु, गुरू, गुरू. आठ गण होतात, आठच का, कारण तीन जागा आणि प्रत्येक जागी दोनच शक्यता. दोनचा घन. छंदशास्त्र लिहिणाऱ्या पिंगळानं लघु-गुरूंची ही मांडणी अशा रीतीनं केली की पुढं लोकांना त्यात दोनच अंकांवर चालणारं गणित दिसलं. संगणक ज्या शून्य-एकवर चालतो तेच. माझ्या केंद्रावरच्या प्रिंटरपासून या गेमपर्यंत सगळं ज्या हिशेबावर उभं आहे, त्याच्या पहिल्या काही मांडणाऱ्यांपैकी एक माणूस या गेममध्ये शिक्षक म्हणून येतो आणि ज्या गावात बसेल तिथलं शास्त्र आणि संस्कृती वाढवतो. मी त्या रात्री खेळ थांबवून पोराला भुजंगप्रयात समजावून सांगितलं. चार वेळा यमाता, बस. दिरानं तक्रार केली की टर्न नऊ मिनिटांची झाली. वहीत मी ती लिहिली नाही.

तर आमच्याकडे एवढं होतं. आता पंधराशे रुपये आणि तीन दिवस.

पोराला ‘राइज अँड फॉल’ हवी होती, चंद्रगुप्तासाठी. त्यातला चंद्रगुप्त भारताचाच दुसरा राजा, चढाई करणारा. “आई, गांधीजी घेऊन मी फक्त बारवाच बांधून राह्यलो,” हे त्याचं म्हणणं. माझ्या हिशेबात ही मागणी सगळ्यात हलकी बसली. या एक्स्पान्शनच्या पद्धती आमच्याकडे आधीच आहेत. नवे येतात ते आठ देश आणि नऊ राजे. म्हणजे टर्नला एक सेकंदही वाढत नाही, आणि दर डावाला निवडायला नऊ माणसं वाढतात. ज्यांच्याकडे ‘गॅदरिंग स्टॉर्म’ आहे ते सहसा ‘राइज अँड फॉल’ला ‘आता त्यात काय उरलं’ म्हणून सोडतात. हॉटसीट खेळणाऱ्यांसाठी मला ते उलट वाटतं. वेळ न वाढवता खेळ वाढवणारी हीच एक खरेदी आहे.

दिराला ‘न्यू फ्रंटियर पास’ हवा होता. मे २०२० पासून मार्च २०२१ पर्यंत दर दोन महिन्यांनी एक एक भर येत गेली, त्या सगळ्यांचा तो गठ्ठा. माया, इथिओपिया, बायझँटियम, बॅबिलोन, व्हिएतनाम, पोर्तुगाल असे देश, आणि खेळायच्या नव्या तऱ्हा, ज्या डाव सुरू करताना चालू किंवा बंद करता येतात. यातल्या प्रलयाच्या तऱ्हेवर पोरगाही भुलला, कारण त्यात शेवटी आकाशातून धूमकेतू पडतात. “लोणार आपल्याच बुलढाण्यात हाय न,” हा त्याचा मुद्दा, आणि मुद्दा चुकीचा नाही. लोणारचं विवर आकाशातून पडलेल्या दगडानंच झालं. पण त्याच तऱ्हेत एक भविष्यवेत्ता मिळतो, जो मुद्दाम आपत्ती ओढवून आणतो. शेजाऱ्याच्या वावरावर संकट पाठवायचं. मी स्पष्ट सांगितलं की ही तऱ्हा माझ्या लॅपटॉपवर चालू होणार नाही. मी पीकविम्याचे अर्ज भरते. ज्या महिन्यात पाऊस येत नाही त्या महिन्यात माझ्या दारात रांग असते आणि रांगेतल्या माणसांचे चेहरे मी पाहिलेले असतात. खेळ म्हणूनही मला ते बटण दाबायचं नाही. कुणी वाद घातला नाही.

गुप्त मंडळांची तऱ्हा मी वेळेच्या मुद्द्यावर नाकारली. प्रत्येकाला एक वेगळी पायऱ्यापायऱ्यांची यादी मिळते, आणि हॉटसीटमध्ये शेजारी बसलेल्यापासून काही गुप्त राहत नाही.

मग दिरानं खरी गोष्ट काढली. व्हिएतनाम आणि कुबलाई खानच्या भरीत मक्तेदारी आणि कंपन्यांची तऱ्हा आहे. चैनीचा एखादा माल दोन ठिकाणी तुमच्या हाती असला की त्याचा उद्योग उभारता येतो, तीन ठिकाणी असला की कंपनी. आणि या गेममध्ये कापूस हा चैनीचा माल आहे. नकाशावर पांढरी बोंडं दिसतात, त्यावर मळा लावला की सोनं मिळतं. दीर म्हणाला, “वयनी, आपण कापूस पिकवतो, दर्यापुरात नेऊन घालतो, अन् घरी येतो. पुढं त्याची गाठ होते, सूत होते, कापड होते, ते काही आपल्याले दिसत नाई. मले एकदा शेवटपर्यंत जायाचं हाय.”

मी गप्प बसले. तो हे खेळाबद्दल बोलत होता आणि तरीही नव्हता.

मामाजी, म्हणजे माझे सासरे, ओसरीवर सुपारी कातरत होते. मक्तेदारी हा शब्द त्यांच्या कानावर पडला. “म्हंजे एकाधिकार न?” त्यांनी तिथूनच विचारलं. १९७२ साली राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली तेव्हा ते ऐन विशीत होते. कापूस विकायचा तर सरकारलाच. ते आत येऊन बसले आणि अर्धा तास सांगत राहिले. बंड्यांची, म्हणजे बैलगाड्यांची, रांग, थंडीत पेटवलेली पऱ्हाटी, बंडीखाली अंथरलेली घोंगडी, ग्रेडर बोंडातून सरकी काढून धागा ताणून कसा पाहायचा ते. त्यांनी दोन बोटांत हवेतला धागा धरून दाखवला, ताणला, डोळ्यांजवळ नेला. पोरगा म्हणाला, आजोबा, इथं खरेदी करणारे आपण. मामाजी म्हणाले, “मंग भाव नीट द्या.”

वहीत लिहायचं झालं असतं तर त्या अर्ध्या तासापुढं मी काय खूण केली असती, हे सांगायला नकोच.

मी मक्तेदारीच्या तऱ्हेनं टर्न किती लांबेल याचा अंदाज बांधला होता, दीडेक मिनिट. माझ्याच हिशेबानं ती बाद व्हायला हवी होती. पण त्याच वहीत दुसरा रकाना आहे, आणि तो रकाना मीच काढला होता. संपूर्ण पास घ्यायची गरज नव्हती. त्यातल्या भरी सुट्याही मिळतात. शेवटी आम्ही दोन गोष्टी घेतल्या. ‘राइज अँड फॉल’, आणि व्हिएतनाम-कुबलाई खानची एकटी भर. पंधराशेतून थोडे पैसे उरले, ते पोराच्या वह्यांना गेले. वेळ भरून काढायला नकाशा लहान केला, संगणकाचे देश कमी केले, आणि ‘क्विक’ सोडून २५० टर्नांची ‘ऑनलाइन’ गती घेतली. २५० गुणिले तीन गुणिले सव्वापाच मिनिटं, म्हणजे साडेपासष्ट तासांच्या वर. तरी चव्वेचाळीस बैठका. हे मी सगळ्यांना आधी सांगितलं आणि सगळ्यांनी मान्य केलं, मामाजींनीसुद्धा, कारण आता तेही रात्री खुर्ची घेऊन बसतात.

ज्यांच्याकडे मूळ गेमच नाही त्यांनी आमच्यासारखं सुटं घेत बसू नये. सगळं एकत्र असलेला ‘अँथॉलॉजी’ संच सेलमध्ये पाहावा. ज्यांच्याकडे मूळ आहे आणि दुसरं काही नाही, त्यांनी ‘गॅदरिंग स्टॉर्म’. त्यानंतर एकटं खेळणाऱ्यानं काय घ्यावं यावर मी बोलू शकत नाही. मी एकटी कधी खेळलेच नाही.

परवापासून पाऊस लागला आहे. काल सरकी टोबली, आज सगळ्यांच्या कमरा धरल्या आहेत, तरी रात्री बसलो. एकेचाळिसावी टर्न चालू आहे. पोराचा चंद्रगुप्त दक्षिणेला हत्ती गोळा करतो आहे आणि आम्ही दोघं त्याच्याकडे लक्ष ठेवून आहोत. कापूस नकाशावर आतापर्यंत चार ठिकाणी सापडला. दोन माझ्याकडे. तिसरा डोंगरापलीकडे, कुणाचाच नाही. चौथा दिराच्या नव्या गावाला लागून, माझ्या धुऱ्यापासून पाच घरांवर. मामाजींनी खुर्ची माझ्या बाजूला सरकवून घेतली आहे. मी माझ्या त्या बाजूच्या गावात धान्यकोठार बांधायला घेतलं आहे, आणि पहिला गव्हर्नर मिळाला की तिथंच बसवणार आहे.